नकाशावरून चित्रवाचन

युरोपांतील नामांकित चित्रकारांचीं चित्रें आमच्या शाळेंतील मुलामुलींस दाखवावीं, असा आमचा परिपाठ कांहीं वर्षें चालू आहे. प्रारंभीं त्याचें फळ समाधानकारक नव्हतें, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. भिंतीवर छापील चित्र टांगावें, चित्रकाराचें नांव व जन्ममृत्यूचीं वर्षें फळ्यावर लिहावीं, चित्र श्रेष्ठ कां गणलें जातें तें आम्हीं सांगावें व मुलांनीं वहींत उतरून घ्यावें, अशी रीत होती. परीक्षेंत उत्तरें बिनचूक येत. परंतु एखाद्यास उभें करून "या चित्रांत तुला काय दिसतें?" असें विचारलें म्हणजे तो चित्राकडे न पाहतां आमच्या तोंडाकडे पाही. एका मुलानें तर खालीं मान घालून "चित्र फार सुंदर आहे" एवढेंच सांगितलें. त्याचें तरी काय चुकलें? ज्या गांवीं आपण गेलों नाहीं, ज्या रस्त्यानें चाललों नाहीं, तेथल्या चित्राविषयीं आपण याहून अधिक काय बोललों असतों?

या अडचणींतून वाट काढण्यास नकाशा उपयोगीं पडला. हल्लीं संगणकावर पृथ्वीचा जो नकाशा मिळतो, तो भूगोलाच्या पुस्तकांतील नकाशासारखा मुका नसतो. आकाशांतून उतरत उतरत आपणांस गांवांत व गांवांतून गल्लींत शिरतां येतें. आणि जेथें 'स्ट्रीट व्ह्यू'ची सोय आहे तेथें रस्त्याच्या मधोमध उभें राहून चहूंकडे मान फिरवितां येते. गूगल कंपनीनें ही सोय २००७ सालीं अमेरिकेंत सुरू केली. आपल्या देशांत ती नीट चालू होण्यास २०२२ साल उजाडलें. २०११ पासून जगांतील संग्रहालयांचीं दालनेंहि त्याच कंपनीनें अशा रीतीनें खुलीं केलीं आहेत. तेव्हां अमरावतीच्या वर्गांत बाकावर बसून चित्राच्या गांवीं जाऊन येणें आतां अशक्य राहिलेलें नाहीं. आमच्याकडे यंत्र एकच आहे, पडदा म्हणजे चुना दिलेली भिंत आहे, आणि वीज मनास येईल तेव्हां जाते. पण तेवढ्यानें पाठ अडत नाहीं.

मात्र एक पथ्य आम्हीं पाळिलें. आधीं चित्र, मग नकाशा. चित्र पांच मिनिटें मुकाट्यानें पाहिल्यावांचून यंत्रास हात लावावयाचा नाहीं. नाहीं तर मुलें पॅरिसच्या रस्त्यांवर मोटारी मोजीत बसतात व तास संपतो.

पहिला पाठ मुद्दाम सोपा घेतला. यान व्हर्मीर या डच चित्रकारानें १६६०-६१ च्या सुमारास आपल्या डेल्फ्ट गांवाचें चित्र काढिलें. तें हेग येथील मौरित्सहौस संग्रहालयांत आहे. पुढें पाणी, पलीकडे तट व दोन वेशी, त्यांमागें दाट घरें, घरांवर डोकावणारा चर्चचा मनोरा आणि अर्ध्याहून अधिक चित्र व्यापणारें ढगाळ आकाश. एवढेंच. नकाशावर डेल्फ्ट काढून आम्हीं विचारलें, "चित्रकार कोठें उभा होता?" गांवाच्या दक्षिणेस पाणी रुंद होऊन जेथें बंदर झालें होतें तेथें, हें मनोऱ्याच्या व पाण्याच्या धोरणानें मुलांनींच शोधून काढिलें. मग तो पाहत होता उत्तरेकडे. उत्तरेकडे तोंड केलें म्हणजे उजवा हात पूर्वेस येतो, हें तिसरींतील पोरहि जाणतें. चित्रांत मनोऱ्यावर ऊन उजवीकडून आलें आहे. अर्थात् वेळ सकाळची! हा शोध लागतांच वर्गांत जी खळबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. सकाळ आहे हें आम्हीं सांगितलें असतें तर तें वहींत गेलें असतें. स्वतः काढिल्यामुळें तें त्यांचें झालें.

त्या दोन वेशी मात्र नकाशावर कोठेंच सांपडेनात. त्या एकोणिसाव्या शतकांत पाडण्यांत आल्या, असें सांगतांच अमरावतीच्या परकोटाजवळ राहणाऱ्या मुलांनीं जवाहर गेट व नागपुरी गेट यांच्या गोष्टी काढिल्या. एवढें झाल्यावर आम्हीं एकच माहिती पुरविली. चित्र काढण्यापूर्वीं सहा-सात वर्षें, १६५४ सालीं, दारूचें कोठार उडून या गांवाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. चित्रांत त्याची खूणहि नाहीं. गांव जणूं आंघोळ करून नुकतें उभें आहे.

दुसरें चित्र याच्या उलट स्वभावाचें. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानें १८८९ च्या जूनमध्यें काढिलेली 'तारांकित रात्र' कोणत्या ना कोणत्या वेष्टनावर मुलांनीं पाहिलेलीच असते. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत आहे. दक्षिण फ्रान्समध्यें सँ-रेमी गांवाबाहेर मनोरुग्णांचें एक रुग्णालय होतें. तेथें तो त्याच वर्षाच्या मे महिन्यांत आपखुषीनें दाखल झाला होता. त्याच्या खोलीची खिडकी पूर्वेकडे. नकाशा उघडून पाहिला तों गांव रुग्णालयाच्या उत्तरेस! मग खिडकींतून पाहणाऱ्यास गांव, गांवचें चर्च व त्याचा उंच सुळका दिसला कोठून? दिसला नाहींच. तो त्यानें मनानें आणून बसविला. कित्येक अभ्यासकांना तर तो सुळका त्याच्या मायदेशाच्या, हॉलंडच्या, चर्चांची आठवण देतो. "म्हणजे चित्र खोटें?" असें एका मुलानें विचारलें. त्यावर दुसरा म्हणाला, "खोटें नाहीं. त्याला घरची आठवण आली असेल." वसतिगृहांत राहणारा मुलगा होता तो.

हे दोन पाठ झाल्यावर मुलांस असें वाटूं लागलें कीं, चित्र व नकाशा ताडून पाहिला कीं काम संपलें. म्हणून तिसऱ्या पाठास आम्हीं असें चित्र घेतलें कीं ज्यांत ना आकाश आहे, ना रस्ता, ना क्षितिज. याच पाठासाठीं वस्तुतः हा लेख लिहावयास घेतला आहे.

एड्गार देगा हा पॅरिसचा चित्रकार. त्याची आई अमेरिकेंतील न्यू ऑर्लिअन्सची. तिचें माहेर कापसाच्या व्यापारांतलें. १८७२ च्या ऑक्टोबरांत देगा आपल्या आजोळीं गेला व पुढील मार्चपर्यंत राहिला. तेथें ज्याच्या त्याच्या तोंडीं कापसावांचून दुसरा विषय नाहीं, अशी तक्रार त्यानें पत्रांतून केली, आणि अखेर चित्र काढिलें तें कापसाचेंच. 'न्यू ऑर्लिअन्स येथील कापसाची कचेरी', १८७३. लांबी-रुंदी ९२ व ७३ सेंटिमीटर. गंमत अशी कीं, 'तारांकित रात्रीचें' मापहि जवळजवळ हेंच आहे.

चित्रांत चौदा माणसें आहेत. अगदीं पुढें उंच टोपी घातलेला, चष्मा लावलेला वृद्ध खुर्चीवर बसून हातांत कांहीं ओढतो आहे. हा देगाचा मामा मिशेल म्यूसाँ, पेढीचा मालक. त्याच्यामागें एक जण पाय पसरून वर्तमानपत्र वाचतो. हा चित्रकाराचा भाऊ रेने. डाव्या कडेस खिडकीला टेकून स्वस्थ उभा आहे तो दुसरा भाऊ आशिल. मध्यें लांब टेबल, त्यावर पांढऱ्या कापसाचा थर, आणि टेबलाच्या कडेवर बसून गिऱ्हाइकास माल दाखविणारा म्यूसाँचा जांवई. उजवीकडे खातेवह्यांवर वांकलेला खजिनदार, आणि खालीं कागदांची टोपली. काळे कोट, पांढरा कापूस, फिकट हिरव्या भिंती, रंग इतकेच.

आम्हीं नेहमींप्रमाणें प्रश्न टाकिला, "पुढचा म्हातारा काय करतो आहे?" आमच्या टिपणांत उत्तर तयार होतें: 'कापसाची प्रत तपासतो आहे.' परंतु दर्यापूरकडील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तो धागा ओढून पाहतो." कसा, तें दाखव म्हणतांच तिनें शेजारणीच्या फाटक्या उशींतला कापूस मागविला (वसतिगृह जवळ असल्याचा हा एक फायदा), चिमटीएवढा बोळा दोन्ही हातांच्या आंगठ्यांत धरून ओढिला, तुटलेलें टोक पुन्हां दुसऱ्यावर ठेविलें, पुन्हां ओढिलें, असें चार-पांच वेळां करतां सगळे तंतू सरळ होऊन एकमेकांलगत आले. "आतां लांबी समजते," ती म्हणाली. "बाजारांत बाबांच्या कापसाचा असाच धागा काढतात." आम्हीं चित्राकडे पाहिलें. म्हाताऱ्याच्या हातांची ठेवण तीच! या चित्रावरील विवेचन आम्हीं वाचलें होतें. पण ते हात आम्हांस त्या दिवशीं प्रथम दिसले.

इतक्यांत मागच्या बाकावरून दुसरा बोलला, "तो कापूस नाहींच. ती रुई आहे." खरेंच कीं! टेबलावरच्या मालांत सरकी नाहीं. आमच्या वऱ्हाडांत बोंडांतून निघतो तो कापूस, जिनांत सरकी काढली म्हणजे उरते ती रुई. शेतकरी कापूस विकतो, गिरणीवाला रुई घेतो. इंग्रजींत दोहोंस एकच शब्द चालतो, आणि तो शब्द जसाच्या तसा घेऊन आम्हीं चित्राचें नांव फळ्यावर लिहिलें होतें. मुलानें तें सुधारावयास लाविलें व आम्हीं सुधारलें.

हा भेद नुसता शब्दाचा नाहीं. अमेरिकेंत मळेवाला आपल्या मळ्यावरच सरकी काढून रुईचे गठ्ठे न्यू ऑर्लिअन्सला पाठवी. तेथें म्यूसाँसारखे लोक तो माल आपल्या पेढीवर ठेवून घेत, नमुने टेबलावर मांडीत, गिऱ्हाईक पाहून विकीत, आणि विक्रीवर दलाली घेत. शिवाय पीक येण्यापूर्वीं मळेवाल्यास पैशांची उचलहि देत. "म्हणजे आडत्या!" असा एकच गलका झाला. अकोल्यास सुटींतील वर्गांत हाच पाठ पुन्हां दिला, तेथेंहि नेमका याच ठिकाणीं हाच शब्द आला.

आतां नकाशाची पाळी. यांत रस्ता नाहीं म्हणून नकाशा निरुपयोगी, असें मुलांना वाटत होतें. आम्हीं भिंतीवर जगाचा कागदी नकाशा लाविला आणि सुताचें रीळ काढिलें. पहिली टांचणी न्यू ऑर्लिअन्सला, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ. संगणकावर त्या शहरांत उतरून कॅरंडेलेट रस्त्यानें चालूनहि आलों, कारण त्या भागांत कापसाच्या पेढ्यांची रांग होती. तेथून सूत अटलांटिक ओलांडून लिव्हरपूल बंदरास, व पुढें मँचेस्टरच्या गिरण्यांस. मग विचारलें, "१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरें उत्तरेच्या आरमारानें अडविलीं. सूत येथें तुटलें. आतां मँचेस्टरची गिरणी काय करील?" तेव्हां दुसरें सूत निघालें तें मँचेस्टरहून मुंबईस, आणि मुंबईहून थेट आपल्या दारांत.

हा भाग वऱ्हाडच्या प्रत्येक मुलास ठाऊक असावा. त्या चार वर्षांत वऱ्हाडच्या कापसास न भूतो असा भाव आला. आगगाडी भुसावळहून अकोला, बडनेरा अशी पुढें सरकत १८६७ त नागपूरला पोंचली. अमरावतीस बडनेऱ्याहून फांटा आला. १८६९ त सुवेझचा कालवा खुला झाला व मुंबईहून विलायतेची वाट सुमारें दोन-पंचमांशानें तुटली. भिंतीवर आफ्रिकेस वळसा घालून लाविलेलें सूत काढून कालव्यांतून नेलें, तेव्हां हातांत केवढें सूत उरलें तें मुलांनीं मोजून पाहिलें. १८७० त खामगांवचा कापूस-बाजार व तेथील रेल्वेचा फांटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं उघडला. लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसास 'ऊमरा' म्हणत. हें नांव 'उमरावती'वरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून, पडलें. धागा मात्र अमेरिकन मालाहून आंखूड, त्यामुळें अमेरिकेचा माल मिळूं लागतांच लँकेशायरच्या गिरण्या तिकडे वळत. १८६५ त युद्ध संपलें आणि इकडचे भाव कोसळले. एकाचें युद्ध तें दुसऱ्याचें सुगीचें वर्ष, आणि एकाची शांतता ती दुसऱ्याची मंदी. म्यूसाँचें टेबल व आपल्या पणजोबांची बंडी एकाच सुताच्या दोन टोकांस बांधलेलीं होतीं.

मग पुन्हां चित्राकडे आलों. "चौदा माणसांत काम कितीजण करतात?" वाद झाला. वर्तमानपत्र वाचणारा काम करतो कीं नाहीं? भाव पाहत असेल, असें कांहींचें म्हणणें. खिडकीपाशीं टेकलेल्याच्या बाजूनें मात्र कोणी बोलेना. तेव्हां आम्हीं सांगितलें कीं, हें चित्र रंगत होतें त्याच वर्षीं, १८७३ त, म्यूसाँची पेढी बुडाली. वर्ग एकदम शांत झाला. टोपलींतले कागद, भावांची स्वस्थता, खजिनदाराची वांकलेली पाठ, सगळें मुलें नव्यानें पाहूं लागलीं. चित्रांत बुडीत पेढीची एकहि उघड खूण नाहीं. म्हातारा शेवटपर्यंत धागाच पाहतो आहे.

त्या शांततेंत तीच दर्यापूरकडील मुलगी म्हणाली, "सर, यांत शेतकरी कोठें आहे?"

शेतकरी नाहीं. वेचणारेंहि कोणी नाहीं. न्यू ऑर्लिअन्सच्या त्या कापसामागें १८६५ पर्यंत कृष्णवर्णी गुलामांची मेहनत होती. त्या वर्षीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, तरी शेतांत राबणारे हात बहुधा तेच राहिले. चित्रांतील चौदांत त्यांतला एकहि नाहीं. आम्हांस यासाठीं देगाला दोष द्यावासा वाटत नाहीं. कचेरींत जे होते ते त्यानें काढिले, आणि शेतकरी त्या कचेरींत नव्हता हीच तर खरी गोष्ट. आपल्याकडेहि बाजारांत शेतकरी असून नसल्यासारखा असे. रुमालाखालीं बोटें धरून दलाल आपसांत भाव ठरवीत, त्याला 'हत्ता' म्हणत. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. कारंजा येथें १८८६ त नियमानें चालणारा कापसाचा बाजार उघडला व १८९७ त वऱ्हाडासाठीं त्याचा कायदा झाला, त्याच्या मागें हीच रड होती. हें सांगतांना मुलांचे चेहरे पाहिले, तेव्हां यांपैकीं पुष्कळांच्या घरीं या घटकेस कापूस भाव येण्याची वाट पाहत खोलींत भरून पडला आहे, याची आम्हांस आठवण झाली.

चित्राचें पुढें काय झालें, तेंहि नकाशावर दाखविलें. मँचेस्टरचा कोणी गिरणीवाला हें विकत घेईल अशी देगाची आशा होती. ती फळली नाहीं. १८७६ त तें पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें, आणि १८७८ त फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या पो शहराच्या संग्रहालयानें तें घेतलें. सार्वजनिक संग्रहालयानें घेतलेलें देगाचें हें पहिलें चित्र. आजहि तें तेथेंच आहे. सुताचें शेवटचें टोक आम्हीं पो येथें बांधिलें.

गृहपाठ असा दिला: चित्रांत जो नाहीं त्याचें चित्र काढा, आणि मागें लिहा, चित्रकार नकाशावर कोठें उभा आहे व कोणीकडे पाहतो आहे. चाळीस चित्रें आलीं. बहुतेकांनीं बाजाराबाहेर लागलेली बंड्यांची व ट्रॅक्टरांची रांग काढिली होती; एकानें कापसाच्या ढिगावर निजलेला बाप काढिला, त्याचे तळपाय चित्राच्या अगदीं पुढें. दर्यापूरकडील मुलीनें आपलें शेत काढिलें होतें. पऱ्हाटीच्या ओळींत वांकलेली आई, पोटाशीं कापसानें फुगलेली ओटी, आणि जमिनीवर लांबच लांब सावली. मागें लिहिलें होतें कीं, चित्रकार बांधावर उभी असून उत्तरेकडे पाहते आहे.

सावली उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे, पडली होती. वेचणी सकाळीं सुरू होते हें आम्हांस ठाऊक; डेल्फ्टचा धडा ही मुलगी विसरली असें समजून आम्हीं तांबड्या शाईनें लिहिलें, 'सावलीची दिशा चुकली. सूर्य पूर्वेस असतां सावली पश्चिमेस पडेल.' दुसऱ्या दिवशीं वही परत आली. आमच्या शेऱ्याखालीं तिनें शिसपेन्सिलीनें लिहिलें होतें: 'सर, दिशा बरोबर आहे. ही संध्याकाळ आहे. आई अजून घरीं आलेली नाहीं.'